या खेपेला हिवाळ्यात या

ती. आई-बाबांस साष्टांग नमस्कार.

आई, रविवारी फोनवर तू म्हणालीस, "आता नको गं बोलावूस, तिथं अमेरिकेत आमचा दिवस जात नाही." बाबा काही बोलले नाहीत, म्हणजे त्यांचंही तेच म्हणणं. फोन ठेवल्यावर मी बराच वेळ ओट्यापाशी उभी होते. तुमचं खरंच आहे. मागच्या खेपेला आमची गाडी दारात लागेपर्यंत तुम्ही दोघं दिवसभर खिडकीपाशी बसून असायचात. सुट्टीच्या दिवशी मी तुम्हाला मॉलमधून फिरवलं, आणि बाबांचे पाय सुजले. त्याबद्दल माफी मागायची राहून गेली होती, ती आधी मागते.

बाबा, विमान उतरताना तुम्ही खिडकीतून खाली बोट दाखवलं होतं, आठवतं? गुलाबी, नारिंगी, हिरवट चौकोन. तुम्ही म्हणालात, "अगं, ही मिठागरं." मी म्हणाले, "नाही हो, कसली तरी तळी असतील." ती मिठागरंच होती! भांडुपच्या मिठागरावर हिशेब लिहिण्यात तुमचा जन्म गेला, आणि मी तुमचं म्हणणं असं उडवून लावलं. पाण्यातला खार वाढत जातो तसे त्यातले सूक्ष्म जीव बदलतात आणि रंगही, हे मला गेल्या वर्षी कळलं. खार अगदी वाढला की लाल.

ती जागा आमच्या फ्रीमॉन्टमध्येच आहे, डम्बार्टन पुलाच्या टोलनाक्याजवळ. नाव लांबलचक: डॉन एडवर्ड्स सॅन फ्रान्सिस्को बे नॅशनल वाइल्डलाइफ रेफ्यूज. खाडीकाठचं सुमारे ३०,००० एकरांचं अभयारण्य, आणि आत जायला पैसे पडत नाहीत. छकुलीच्या वर्गातल्या एका मुलीच्या आईनं आम्हाला पहिल्यांदा नेलं. लहान मुलांना घरच्यांबरोबर पक्षी दाखवायचा कार्यक्रम होता. मुलांच्या गळ्यात तिथल्याच दुर्बिणी अडकवतात आणि सगळे हळूहळू बांधावरून चालतात. चालण्याची घाई कुणालाच नसते. पुढं होत्या त्या बाई आईपेक्षा मोठ्या असतील. निवृत्त झाल्यापासून स्वयंसेवक म्हणून येतात. लांब लाल पायांचा एक काळा-पांढरा पक्षी उथळ पाण्यात उभा होता. माझ्या तोंडून एकदम "शेकाट्या!" निघालं. बाबा, तुम्ही शिकवलेलं नाव. इथला थोडा वेगळा, मानेवर काळा, पण आपल्या शेकाट्याचाच भाऊबंद. छकुली तेव्हापासून सगळ्यांना शेकाट्याच म्हणायला शिकवते.

आता तुम्हाला सांगायची खरी गोष्ट. इथंही भरतीचं पाणी आत घेतात आणि एका तळ्यातून दुसऱ्यात फिरवत उन्हावाऱ्यानं आटवतात. पण आपल्याकडे जे मीठ पावसाआधी एका हंगामात पिकतं, त्याला इथं साधारण ५ वर्षं लागतात. मी ऐकलं आणि मनात म्हटलं, बाबा असते तर दहा प्रश्न विचारले असते. मला एकही धड विचारता आला नाही.

काही भागात अजून मीठ पिकतं. बरीच मिठागरं मात्र आता पुन्हा खाडीला देतायत. २००३ साली सरकारनं १५,१०० एकर विकत घेतले आणि २००६ मध्ये खाडीच्या दक्षिण टोकाला, अल्व्हिसोच्या बाजूचे काही बांध मुद्दाम फोडले. हो, मुद्दाम. भांडुपला बांध फुटला की रात्री-अपरात्री तुम्हाला बोलवायला यायचे, आई कंदील घेऊन दारात उभी राहायची, ते डोळ्यांसमोर आलं. इथं बांध फोडल्यावर भरतीबरोबर गाळ येतो, तळ हळूहळू वर येतो आणि खारट मातीतली मांसल हिरवी झुडपं आपणहून उगवतात. त्या झुडपांत एक उंदीर राहतो, जेमतेम १० ग्रॅमचा, खारं पाणी पिऊन जगणारा. जगात फक्त या खाडीच्या काठी सापडतो. आपल्या पाणकोंबडीच्या कुळातला रिजवेज रेल नावाचा पक्षीही तिथं राहतो. दोघंही नामशेष होण्याच्या धोक्यात आहेत.

उधाणाला ही झुडपं बुडतात. मग उंदीर आणि रेल काठावर चढतात, आणि काठ उघडाबोडका असेल तर बगळे नि घारीसारखे पक्षी त्यांना टिपतात. म्हणून काठावर इथली मूळची झुडपं लावायची. एकाला पिवळी फुलं येतात, चिकट असतात, गमप्लँट म्हणतात. उधाणात रेल त्याच्याच आडोशाला दडतो. आमचा शनिवार या कामात जातो. पाऊस सुरू झाला की रोपं लावायची, एरवी बाहेरून आलेलं तण उपटायचं. हातमोजे, कुदळी तेच देतात. छकुली खड्ड्यात रोप ठेवते, मी माती दाबते, आणि दोघींच्या नखांत तीच काळी माती असते जी तुमच्या चपलांना लागून घरी यायची आणि आई ओरडायची.

आणखी एक सांगते. ही जागा आपोआप राहिली नाही. १९६०च्या दशकात खाडी बुजवून घरं बांधायचा सपाटा चालला होता, तेव्हा काठावर राहणारी साधी माणसं एकत्र आली. पालो आल्टोच्या फ्लॉरेन्स लारिव्हिएर आणि त्यांचे पती फिलिप त्यांतले. १९७२ मध्ये या अभयारण्याचा कायदा झाला, तरी ती मंडळी थांबली नाहीत. उरलेल्या तुकड्यांसाठी पुढं कित्येक दशकं भांडत राहिली. ठाणे खाडीला २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य जाहीर झालं, तेव्हा बाबा फोनवर किती वेळ बोलत होतात. मी नुसतं "हो का" म्हटलं होतं. आता बोलायचंय मला त्यावर, सविस्तर.

म्हणून म्हणते, या खेपेला उन्हाळ्यात नको, डिसेंबरात या. उत्तरेकडून आलेली बदकं आणि चिखलातले पक्षी तेव्हा हजारोंनी असतात, आणि वर्षातली मोठी उधाणं डिसेंबर-जानेवारीतच येतात. पाऊस असतो, पण मुंबईसारखा नाही. आई, तिथं रोपवाटिकाही आहे. बियांपासून रोपं करतात, आणि तू गॅलरीत जशी रोपं वाढवतेस तसा हात मी अजून तिथं कुणाचा पाहिला नाही. वाट सपाट आहे, मध्ये बसायला बाकं आहेत, बाबांच्या पायांना त्रास होणार नाही. मी पावलं मोजून आलेय.

छकुलीनं पक्षी दाखवणाऱ्या त्या बाईंना सांगून ठेवलंय की माझे आजोबा मीठ कसं पिकवतात ते सांगतील, मी इंग्रजीत सांगेन. बाबा, तुमच्याकडे मिठागराचे जे जुने फोटो आहेत, पत्र्याच्या डब्यातले, ते घेऊन या.

तिकिटं काढू का, एवढं रविवारी सांगा.

तुमची,
सोनू