पोत्यावरचा आकडा आणि बादलीतले पाणी

महोदय,

आपल्या घरबांधणी पुरवणीत सिमेंट कसे निवडावे यावर आलेला लेख वाचला. ग्रेड, ब्रँड, भाव, सगळे त्यात आहे. पाण्याबद्दल मात्र ‘ते स्वच्छ असावे’ एवढेच. किती घालावे हे राहून गेले आणि स्लॅबचे बरेवाईट तर तिथेच ठरते, म्हणून हे पत्र.

माझी नोकरी एका तंत्रनिकेतनाच्या प्रयोगशाळेत झाली. ठेकेदार आणि घरमालक काँक्रीटचे ठोकळे आणून देत, ते यंत्रात दाबून फोडायचे हे माझे काम. घरमालक हमखास सांगायचे, ‘साहेब, त्रेपन्न ग्रेडचं वापरलंय.’ हा ५३ चा आकडा सिमेंटचा असतो, स्लॅबचा नव्हे. तमिळनाडूतल्या एन्नोरची प्रमाणित वाळू आणि मोजून घेतलेले पाणी वापरून कारखान्यात छोटा ठोकळा करतात. तो २८ दिवसांनी दर चौरस मिलिमीटरला किमान ५३ न्यूटन दाब सोसतो, एवढाच त्याचा अर्थ. तुमच्या दारातली वाळू, खडी आणि बादली त्या आकड्यात कुठेच नाही.

घराच्या स्लॅबला निदान एम-२० काँक्रीट लागते, म्हणजे २८ दिवसांनी दर चौरस मिलिमीटरला २० न्यूटन दाब सोसणारे. साधे प्रमाण एकास दीड, तीन: सिमेंट, वाळू, खडी. त्यासाठी ५० किलोच्या एका पोत्याला जास्तीत जास्त ३० लिटर पाणी, असे आयएस ४५६ हे मानक सांगते. वाळू ओली असेल तर तिच्यातले पाणीही याच ३० लिटरांत धरायचे. आता साइटवर जाऊन पाहा. मिक्सरपाशी रंगाची रिकामी २० लिटरची बादली असते आणि पोत्यामागे दोन भरून पडतात. ४० लिटर! नुसत्या एवढ्याने ताकद निम्म्याच्या आसपास येऊ शकते. एम-२० चा पंधरा सेंटिमीटरचा ठोकळा सुमारे ४५ टन भार घेतो. पाणचट मालाचा ठोकळा त्याच्या कितीतरी आधीच मान टाकतो, आणि आतली खडी धुऊन काढल्यासारखी स्वच्छ सुटून येते.

सिमेंटला स्वतःच्या वजनाच्या जेमतेम पाव हिस्सा पाणी रासायनिक क्रियेसाठी लागते, थोडे आणखी त्याच्या बारीक रचनेत अडकून राहते. बाकीचे हळूहळू उडून जाते आणि मागे केसापेक्षा बारीक पोकळ्या ठेवते. पुढे पावसाचे पाणी आणि हवा त्याच वाटेने गजापर्यंत पोचते. गज गंजून फुगतो आणि छताचे पोपडे सुटू लागतात. तेव्हा शिव्या मात्र सिमेंट कंपनीला.

मिस्त्रीला एकट्याला दोष देऊन भागणार नाही. नदीची वाळू परवडत नाही, म्हणून आता सगळीकडे क्रश सँड, म्हणजे दगड भरडून केलेली वाळू. तिचे कण टोकदार, त्यात दगडाची पूडही जास्त. ती पाणी पिते आणि तेवढ्याच पाण्यात माल घट्ट दिसतो. घमेली हातोहात वर चढवायची असतात, मजूर उक्त्यावर असतात, पातळ माल भराभर पसरतो. यावर उपाय व्हायब्रेटरचा, म्हणजे ओला माल थरथरवून खाली बसवणाऱ्या यंत्राचा. तो नीट लावला तर कोरडा वाटणारा मालही गजांखाली व्यवस्थित बसतो. भाडे वाचवायला तो आणायचाच नाही आणि त्याचे काम पाण्याकडून करून घ्यायचे, हा आपल्याकडचा हिशेब.

बरे, मालात पाणी ओतताना सैल असलेला हात दुसऱ्या दिवसापासून आखडतो. काँक्रीट वाळून घट्ट होते, असा समज पक्का आहे. आम्ही ठोकळे साच्यातून काढले की हौदात बुडवून ठेवत असू, थेट फोडण्याच्या दिवसापर्यंत, आणि ते पाण्यातच घट्ट होत. साध्या सिमेंटला निदान सात दिवस, राखमिश्रित पीपीसीला किंवा कोरड्या उन्हाळ्यात निदान दहा दिवस स्लॅब ओला राहायला हवा. आमच्या बार्शीकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार, त्यात टँकरचे पाणी. पंचवीस चौरस मीटरच्या स्लॅबवर वाफे करून दोन सेंटिमीटर पाणी भरायचे, तर एका वेळी ५०० लिटर लागते. ते कुठून आणायचे हा प्रश्न खराच आहे. गोणपाट अंथरून ते सतत ओले ठेवले तर कमी पाण्यात निभावते, सकाळ-संध्याकाळ नळी फिरवून निभावत नाही. ज्यांना तेवढेही जमणार नाही त्यांनी स्लॅब मेमध्ये टाकूच नये, असे माझे मत आहे. घाई पावसाआधी छप्पर हवे म्हणून असते हे कळूनही.

एक सूचना प्रशासनासाठी. घरकुलाचा हप्ता सोडण्यापूर्वी बांधकामाचे फोटो काढले जातात. फोटोत पाणी किती घातले ते दिसत नाही. घरकुल किमान २५ चौरस मीटरचे, म्हणजे एवढ्या स्लॅबला तीन-साडेतीन घनमीटर काँक्रीट. पाच घनमीटरपर्यंत एक नमुना, म्हणजे तीन ठोकळे पुरतात. स्लॅबच्या दिवशी ग्रामपंचायतीने लोखंडी साचे द्यावेत, तिथल्याच मिक्सरमधला माल त्यांत भरावा आणि ते तीन ठोकळे जवळच्या तंत्रनिकेतनात लाभार्थ्याकडून शुल्क न घेता फोडून द्यावेत. अहवालाची एक प्रत त्या घरातल्या माणसांच्या हाती पडावी.

– एक निवृत्त प्रयोगशाळा सहायक, बार्शी (जि. सोलापूर)