पौर्णिमा सोडा, अष्टमी धरा

ती. काकांस,
साष्टांग नमस्कार.

हे पत्र तुम्ही स्वतः वाचणार नाही, हे मला ठाऊक आहे. चष्मा शोधण्यापेक्षा नातीला हाक मारणं तुम्हाला सोपं. तेव्हा बाळ, तूच वाचून दाखव, आणि जरा मोठ्यानं, वाऱ्यात त्यांना ऐकू येत नाही. त्यांचं नाव आणि गाव मी कुठेही लिहिलेलं नाही, हेही सांग. त्यांनीच बजावलं होतं, "नाव टाकू नका, नायतर पन्नास जण येतील नि माझं जाळं राहील बाजूला."

काका, दिवाळीनंतरच्या त्या दुपारी मी जेट्टीवर तुमच्या शेजारी येऊन बसलो तेव्हा माझ्या हातात चार पानांचा प्लॅन होता. चिपळूणच्या वरच्या अंगाला नदीत उतरायचं, कनूतून वाशिष्ठी उतरत तीन दिवसांत खाडीच्या मुखावरचं दाभोळ गाठायचं, दोन रात्री काठावर तंबूत, मी आणि माझा मावसभाऊ. कनू म्हणजे दोघांची उघडी होडी, एकेरी वल्ह्याची. तुम्ही तिला बघून "परात" म्हणालात ते आमच्या घरात आता कायमचं झालंय. एक्सेलमध्ये सगळं मांडलं होतं. किती वाजता निघायचं, कुठे चहा, कुठे जेवण, ताशी किती किलोमीटर. तुम्ही जाळं सांधायचं थांबवलंत, पानं उलटीसुलटी करून पाहिलीत आणि विचारलंत, "सगळा हाय, पण ह्याच्यात पाणी कुठाय?"

मला वाटलं पिण्याचं पाणी. मी वीस लिटरचा कॅन दाखवला. तुम्ही हसलात. माझ्या चार पानांत भरती-ओहोटीचा एक शब्द नव्हता. खरं सांगतो, ज्याच्याकडे आम्ही आधी सामानासाठी फोन केला होता तो म्हणाला होता, "खाडी काय, तळ्यासारखी असते." आम्ही विश्वास ठेवला, कारण तसंच असलं तर बरं असं आम्हालाही वाटत होतं.

पौर्णिमा आम्ही चांदण्यासाठी निवडली होती. खाडीवर पूर्ण चंद्र, तंबू, शेकोटी. त्या पौर्णिमेचं तुम्ही पाच मिनिटांत काय केलंत ते इथे लिहितो, कारण ते मला कुठल्याही नकाशात सापडलं नव्हतं. तिथीला तीननं गुणायचं, चारनं भागायचं, येईल तो भरतीचा तास. पौर्णिमा म्हणजे पंधरा, तिची पाऊणपट सव्वाअकरा. म्हणजे दुपारी साडेअकराच्या सुमाराला खाडीच्या मुखाशी पाणी भरणार, आत चिपळूणकडे ते आणखी उशिरा पोचणार, आणि दुपारनंतर उतरायला लागणार. आम्ही त्या उतरत्या पाण्याबरोबर निघणार नेमके तेव्हा, जेव्हा समुद्राकडून खारा वारा सुटलेला असतो. पाणी पुढे ओढणार, वारा मागे ढकलणार, लाटा उभ्या राहणार. संध्याकाळी थांबायला जावं तर पाणी तळाला गेलेलं. त्यात पौर्णिमेचं उधाण, म्हणजे ओहोटीही तेवढीच खोल. होडी आणि काठ यांच्या मध्ये मांडीएवढा गाळ. मध्यरात्री तेच पाणी उधाणानं परत वर येणार, आणि तुम्ही बोटानं दाखवलंत, "तंबू हिथं, पाणी हिथं." दोन्ही बोटं एकाच जागी.

"पौर्णिमा सोडा, अष्टमी धरा."

आठची पाऊणपट सहा. पहाटे भरती, सकाळी उतरतं पाणी, आणि हिवाळ्यात सकाळी जमिनीवरून समुद्राकडे वाहणारा मतलई वाराही पाठीशी. अष्टमीला भांग, त्यामुळे पाणी फार चढत नाही, फार उतरतही नाही. दुपारी थांबताना काठाला लागता येतं, गाळात रुतावं लागत नाही. शाळेत आम्ही खारे वारे आणि मतलई वारे दोन गुणांसाठी पाठ केले होते. त्यावर कुणी तारीख ठरवतं हे चाळिशीत कळलं. रजा मात्र आठवड्याच्या मधल्या दिवसांची घ्यावी लागली. साहेबांना कारण सांगितलं, "अष्टमी आहे." त्यांना वाटलं उपास.

सुरुवातीची जागाही तुम्हीच बदललीत. वरच्या अंगाला पाणी नदीचं कमी, कोयनेचं जास्त, हे मला माहीत नव्हतं असं नाही, पण त्याचा अर्थ लावला नव्हता. कोयना खरं तर पूर्वेला कृष्णेकडे जाणारी नदी. तिचं पाणी सह्याद्रीच्या पोटातून बोगद्यांनी इकडे आणून त्यावर वीज काढतात, आणि वापरलेलं पाणी पोफळीकडून वाशिष्ठीत येतं. १,९६० मेगावॅटचा प्रकल्प आहे तो. विजेची मागणी वाढली की पाणी सुटतं, घटली की आटतं. "सांजेला तुमच्या पुण्यात दिवे लागतात नि हिकडं पाणी चढतं," असं तुम्ही म्हणालात. पुण्याचा त्यात किती वाटा ते मला सांगता येणार नाही, पण मुद्दा पोचला. आपण गोवळकोट धक्क्यावरून निघायचं ठरलं, जिथून पुढे भरती-ओहोटीचं राज्य.

पन्हाळेकाजीच्या २९ लेण्यांसाठी मी कोटजाई नदीत आत वळणार होतो, ते तुम्ही पेन्सिलनं खोडलंत. "लेणी पळून जात नायत." अजून रागावलोय थोडा. पण दुसऱ्या दिवशी हात खांद्यातून गळून पडायच्या बेतात असताना मावसभाऊ म्हणाला, "काकांनी ते खोडलं नसतं तर?" मी काही बोललो नाही.

मगरींचं मात्र तुम्ही न हसता सांगितलंत. इकडे कुणी मगर म्हणतं, कुणी सुसर. पुस्तकातली लांब चोचीची सुसर ती वेगळी, ती या खाडीत नाही. इथे आहे ती दलदलीतली मगर, आणि थंडीच्या सकाळी ओहोटीला उघड्या पडलेल्या गाळावर ती ऊन खात पडते. तुमच्या सूचना मी वहीत जशाच्या तशा उतरवल्या होत्या. काठावर भांडी घासायची नाहीत. मासे साफ करून आतडी पाण्यात टाकायची नाहीत. तिन्हीसांजेला पाण्यात पाय सोडून बसायचं नाही, फोटोसाठी तर अजिबात नाही. वाळूच्या उंच काठावर तंबू नको, कारण फेब्रुवारीपासून मादी तिथे खड्डा करून अंडी घालते आणि जागा आधीपासून तिची असते. आणि झोपायचं ते गडग्याच्या, म्हणजे दगडी कुंपणाच्या आत, वस्तीत. मी विचारलं, मग कँपिंग कसलं? तुम्ही म्हणालात, "तंबू अंगणात लावलात तरी तंबूच असतो."

पहिली रात्र एका देवळाच्या आवारात, दुसरी एका आंब्याच्या बागेत, जांभ्याच्या गडग्याआड. दोन्ही ठिकाणी तुम्ही आधी फोन केलेला होता. विहिरीचं पाणी मिळालं, त्यामुळे वीस लिटरऐवजी दहाच वाहिलं. होडी हलकी राहिली.

आता कबुली. पहिल्या रात्री तुमचं एक ऐकलं नाही. "होडी वर ओढून घ्या" असं तुम्ही दोनदा म्हणाला होतात. आम्ही दमलो होतो, संध्याकाळी पाणी भरलेलं होतं, धक्क्याच्या कडीला नाकाशी आखूड दोरी बांधली आणि झोपलो. मध्यरात्रीनंतर ओहोटीला कनू नाकावर लटकत होती, शेपूट पाण्यात आणि पोटात खाडी. एक वल्हं, रिकामा कॅन आणि मावसभावाची एक चप्पल गेली. वल्हं काठच्या कांदळवनात अडकलेलं सापडलं. चप्पल दाभोळला आमच्या आधी पोचली असेल. निळं पिंप मात्र झाकणाच्या पट्ट्यासकट बांधलेलं होतं आणि त्यात एक थेंब गेला नव्हता. बाजारात वॉटरप्रूफ बॅगांना आम्ही हजारो रुपये देणार होतो. तुम्ही मासळीचं पिंप धुऊन, उन्हात वाळवून दिलंत. दोन दिवस झोपण्याच्या पिशव्यांना बोईट मासळीचा वास येत होता, एवढंच.

काकींनी दिलेल्या कुळथाच्या पिठाचे आभार वेगळे मानायला हवेत. आमच्या यादीत पाकिटातले नूडल्स आणि ओट्स होते. कुळथाची पिठी पाण्यात कालवून, मिरची-लसणाच्या फोडणीत सोडली की दहा मिनिटांत जेवण. वजन काही नाही, खराब होत नाही, आणि गार वाऱ्यात दुसरं काही खावंसं वाटत नाही. नूडल्स घरी परत आले.

दुसरा दिवस सगळ्यात सुंदर होता आणि त्याबद्दल मला फारसं लिहिता येत नाही. जगबुडी नदी येऊन मिळते तिथे खाडी एकदम रुंद होते आणि आवाज बदलतो. गाळावर सात मगरी मोजल्या. एकीचा जबडा उघडा, आणि ती इतकी स्थिर की मावसभाऊ म्हणाला पुतळा आहे. मग पुतळा पाण्यात गेला. त्यानंतर अर्धा तास आम्ही दोघं अगदी शहाण्यासारखे वल्हवत होतो. तुम्ही मासा कमी झाला म्हणालात तेही दिसलं. सकाळभरात जाळी टाकणाऱ्या होड्या फार थोड्या. कारणं सांगताना तुमचा आवाज चढला होता, ती इथे लिहीत नाही. तुमच्या आवाजात ऐकलेली बरी.

त्या रात्रीसाठीच खरं तर हे पत्र. रोज दिवेलागणीला फोन करायचा असं ठरलं होतं. "फोन नाय आला तर मी होडी काढीन," असं तुम्ही म्हणालात तेव्हा आम्हाला ते बोलायची पद्धत वाटली. बागेत रेंज नव्हती. शोधायला टेकाड चढायचा कंटाळा केला, सकाळी करू म्हटलं. साडेआठच्या सुमाराला गडग्यापलीकडे मोटरसायकल थांबली. हातात बॅटरी घेतलेला एक मुलगा आत आला, आमच्याकडे नीट बघून घेतलं, दोघं आहेत ना हे मोजलं आणि म्हणाला, "काकांनी इचारलाय, जेवलात काय?"

तुमची होडी तोवर धक्क्यावरून सुटलेली होती आणि त्या मुलाचा निरोप मिळाल्यावर तुम्ही ती वळवलीत, हे आम्हाला चौथ्या दिवशी काकींकडून कळलं. भांगाचं असलं तरी रात्रीचं पाणी, आणि तुमचं वय बहात्तर. डिझेलचे पैसे तुम्ही घेतले नाहीत. मी दुसऱ्यांदा विचारल्यावर तुम्ही विषय बदलून आंब्याच्या मोहोराबद्दल बोलायला लागलात. आणि जेट्टीवर पहिल्या दिवशी "साहेब" म्हणणारे तुम्ही त्या दिवशी मला "अरे" म्हणालात.

दाभोळला आम्ही दशमीला साडेदहाच्या आत लागलो, वारा फिरायच्या आधी. पलीकडे अंजनवेलचा गोपाळगड दिसत होता, धोपाव्याहून फेरीबोट गाड्या घेऊन येत होती. तिच्या लाटेवर आमची परात चांगली हलली. मुखावरच्या वाळूच्या पट्ट्यापर्यंत जायचा मोह झाला, पण तिथे लाटा पांढऱ्या फुटताना दिसल्या आणि आम्ही निमूटपणे धक्क्याला लागलो. हे मुद्दाम सांगतोय. यावेळी ऐकलं.

पिंप अजून माझ्याकडे आहे, गॅलरीत. शिमग्याला परत घेऊन येतो. होळी पौर्णिमेची, म्हणजे मुखाशी सव्वाअकरा, तुमच्याकडे बहुतेक एकच्या पुढे. पाणी भरताना तुम्ही जाळ्यावर असाल, म्हणून मी सकाळी नऊलाच जेट्टीवर येऊन बसतो. हिशोब चुकला असेल तर नातीकडून निरोप पाठवा.

तुमचा,
परातवाला