शनिवारच्या बैठकीआधी

चि. समीर यास,

अनेक उत्तम आशीर्वाद.

दिवाळीत गच्चीवर तू मला जे सांगितलेस, त्यावर मी काहीच बोललो नाही, आणि ते तुला लागले असणार. "बाबा, मी रोज सकाळी ठरवतो आणि रात्री दोन वाजता पुन्हा तेच अश्लील व्हिडिओ बघत बसलेला असतो," असे तू म्हणालास. मी रागावून गप्प झालो नव्हतो. सतरा वर्षांपूर्वी जवळजवळ हेच वाक्य मी अनोळखी माणसांसमोर बोललो होतो, फक्त माझ्या वाक्यात मोबाइलच्या जागी बाटली होती.

दर गुरुवारी बाबा कुठे जातात, या तुझ्या लहानपणीच्या प्रश्नाला घरात "कामाला" एवढेच उत्तर मिळत असे. मी अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या, म्हणजे दारू सोडू पाहणारे एकमेकांना आधार देतात त्या गटाच्या, बैठकीला जात होतो, अजूनही जातो. ती एका शाळेत, तिसरीच्या वर्गात भरते. बाके इतकी बुटकी, की गुडघे हनुवटीपर्यंत येतात, आणि समोरच्या भिंतीवर बारापर्यंतचे पाढे. पहिल्या दिवशी मी तासभर फक्त ते पाढे वाचत बसलो. मग बँकेतून निवृत्त झालेले एक काका उठले आणि कपाटात कपड्यांच्या घडीमागे आपण क्वार्टर कशी लपवीत असू, ते अगदी सहज सांगू लागले. माझी क्वार्टरही तिथेच असे. इतक्या वर्षांत मला उपदेश करणारे पुष्कळ भेटले होते, पण माझी लपवायची जागा ठाऊक असलेला माणूस तो पहिलाच.

ही चळवळ कशी सुरू झाली, ते तुला सांगण्याजोगे आहे. मे १९३५ मध्ये बिल विल्सन नावाचा न्यूयॉर्कचा गृहस्थ अमेरिकेतल्या ॲक्रन शहरात धंद्याच्या कामात अपयश पदरी घेऊन हॉटेलच्या दालनात उभा होता. त्याची दारू सुटून जेमतेम पाच महिने झाले होते आणि शेजारच्या बारमधून माणसांचे आवाज येत होते. तो बारकडे न जाता टेलिफोनकडे गेला आणि आपल्यासारखाच कोणी दारुडा या गावात भेटेल का, अशी चौकशी करीत राहिला. अखेर डॉ. बॉब स्मिथ या शल्यचिकित्सकाची गाठ पडली. पंधरा मिनिटेच बसेन असे ठरवून आलेले डॉक्टर काही तास बसले. मला यातली मोलाची गोष्ट अशी वाटते, की विल्सनने फोन उपकारासाठी केला नव्हता, स्वतः वाचण्यासाठी केला होता. शनिवारी तू तुझ्या त्रासासाठीच्या अशाच एका गटाच्या बैठकीला जाशील तेव्हा आपण मदत मागायला आलो आहोत या विचाराने खाली मान घालू नकोस. तिथे बसलेल्यांना तुझीही तितकीच गरज असते.

तू एकट्याने जे केलेस ते कमी नाही. ब्लॉकर टाकलास, फोन रात्री स्वयंपाकघरात ठेवलास, एकदा एक्केचाळीस दिवस मोजलेस. पण बेचाळिसाव्या दिवशी मोडले तेव्हा "आता मोडलेच आहे, तर" म्हणून पुढचे दोन आठवडे वाहून गेलास, हेही तूच सांगितलेस. माझेही तसेच झाले होते. सात महिन्यांनी एका लग्नात प्यायलो आणि लाजेने तीन आठवडे बैठकीला फिरकलो नाही. शेवटी ते बँकेतले काका घरी आले, तुझ्या आईच्या हातचा चहा प्यायले, लग्नातल्या जेवणाची चौकशी केली आणि जाताना "गुरुवार आहे" एवढेच म्हणाले. पाय घसरला तर आकडा शून्यावर आणण्याची घाई करू नकोस. त्याच रात्री, नाहीतर सकाळी, गटातल्या कोणाला तरी फोन कर.

तुझी वाट माझ्यापेक्षा अवघड आहे, हे मी मान्य करतो. मी दारूच्या दुकानाकडे पाठ फिरवू शकतो. तुला मोबाइलवरच नोकरी करायची आहे, आणि कामभावना तर जन्मभर सोबत राहणार. म्हणूनच कामभावनेशी जोडलेल्या सवयींसाठी चालणाऱ्या गटांत 'सुटणे' म्हणजे काय, यावर मतभेद आहेत. सेक्साहॉलिक्स अनॉनिमसची व्याख्या कडक आहे, ती हस्तमैथुनही वर्ज्य मानते. सेक्स ॲडिक्ट्स अनॉनिमसमध्ये कोणती वर्तने आपल्यासाठी घातक, हे प्रत्येक सभासद स्वतः ठरवतो. मला विचारशील तर दुसरी रीत तुला मानवेल, कारण तुझे दुखणे इच्छा नसून रात्री दोन वाजताचा तो मोबाइल आहे.

तू स्वतःला "घाणेरडा" म्हणालास, तो शब्द मात्र मला मुळीच पटला नाही. जागतिक आरोग्य संघटनेचे १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेले आजारांचे वर्गीकरण कामवर्तन आवरता न येण्याच्या विकाराची नोंद घेते, आणि त्यात असेही स्पष्ट म्हटले आहे, की केवळ नैतिक अपराधभावाने होणारा त्रास निदानाला पुरेसा नाही. सहा महिने किंवा अधिक काळ आवरता न येणे, नुकसान दिसत असूनही चालू राहणे, याला तिथे महत्त्व आहे. तेव्हा निदान एकदा मनोविकारतज्ज्ञांनाही भेट. झोप आणि उदासी यांची तपासणी गटात होत नाही. एकदम जाणे जड वाटले तर सरकारची टेलि-मानस ही फोनवरून मानसिक आरोग्याची मदत देणारी सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे. एसटी स्टँडच्या मुतारीत 'गुप्तरोग, धातू, कमजोरी' अशी पत्रके डकवणाऱ्यांकडे मात्र फिरकू नकोस; त्यांचा सगळा धंदा तुझ्यासारख्यांच्या लाजेवर चालतो.

गटही पारखून घे. जिथे कोणी काय पाहिले त्याची रसभरीत वर्णने होतात, किंवा सगळा दोष बायकांवर ढकलला जातो, तिथून निमूटपणे उठून ये. चांगल्या बैठकीत बराचसा वेळ कंटाळवाण्या गोष्टींवर जातो: जेवण चुकले होते का, साहेबाशी खटका उडाला होता का, खोलीत एकटाच होतास का. माझ्या अनुभवात भूक, राग, एकटेपणा आणि थकवा यांतले दोन एकत्र आले की तिसऱ्याची वाट पाहायची नसते.

तुझ्या आईला मी काही सांगितलेले नाही. ते कधी सांगायचे, आणि सांगायचे की नाही, हे तुझे तू ठरव.

शनिवारी बैठक संपली की फोन कर. तिथे कोण काय बोलले ते मला सांगू नकोस, ते तिथेच राहायचे असते. बसायला खुर्च्या होत्या की बाके, आणि चहा कसा होता, तेवढे कळव.

तुझा,
बाबा