‘मंद हालचालीं’साठी 45 मीटर कागद: शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र

मा. शिक्षणमंत्री,
सप्रेम नमस्कार.

भूगोलाच्या पुस्तकात ज्वालामुखी आणि भूकंपाला रंगीत चित्रं मिळतात. जमिनीच्या मंद हालचाली, विदारण (खडक जागच्या जागी फुटणं), झीज, वहन, संचयन (गाळ साचणं) यांच्या वाट्याला येतात व्याख्या आणि ‘फरक स्पष्ट करा’. मुलं ते पाठ करतात. पटत मात्र नाही, कारण काळाचं माप आपण त्यांच्या हाती देतच नाही.

मी वर्गात कागदाची पट्टी वापरते. एक सेंटिमीटर म्हणजे दहा लाख वर्षं. पृथ्वीचं वय सुमारे 454 कोटी वर्षं, म्हणजे पट्टी 45 मीटरची; व्हरांड्यात पसरावी लागते. शेवटाकडून 66 सेंटिमीटरवर डायनोसॉर संपतात. आपली मानवजात जेमतेम शेवटच्या तीन मिलिमीटरांत. लिखित इतिहास तर कागदाच्या जाडीएवढाही भरत नाही. इथे दंगेखोर मुलंही गप्प होतात.

मग गणित. नदीनं वर्षाला मिलिमीटरचा दहावा भाग खडक झिजवला, तर पट्टीवरच्या एका सेंटिमीटरात शंभर मीटर खडक गेला! अटलांटिक महासागर वर्षाला अडीचेक सेंटिमीटर रुंदावतो, साधारण नखं वाढतात त्या वेगानं. त्याच चालीनं पट्टीवर मीटरभर चला, अडीच हजार किलोमीटर होतात. एव्हरेस्टच्या माथ्यावर समुद्रात साचलेला चुनखडक आहे, हे ऐकून मग कुणी हसत नाही. (सगळंच संथ घडतं असं नाही. एखादा पूर एका रात्रीत नदीची वाट बदलतो. तेही सांगतेच.)

1788 साली भूशास्त्रज्ञ जेम्स हटन होडीतून स्कॉटलंडमधल्या सिकार पॉइंटला गेले. तिथे जवळजवळ उभ्या थरांवर तांबड्या वालुकाश्माचे तिरके थर टेकलेले दिसतात. म्हणजे आधी गाळ साचला, त्याचा खडक झाला, तो दाबानं उभा झाला, वर आला, झिजला आणि त्यावर पुन्हा गाळ बसला. दोन थरांमधल्या त्या एका रेघेत कोट्यवधी वर्षं गडप आहेत. हा एक फोटो पुस्तकात असता तर माझी निम्मी बडबड वाचली असती.

मागणं फार नाही. प्रत्येक शाळेला अशा कागदाची एक गुंडाळी द्या. आणि परीक्षेत ‘फरक स्पष्ट करा’ऐवजी एका कड्याचा फोटो छापून विचारा: यात आधी काय घडलं, आणि नंतर काय?

आपली,
एक भूगोल शिक्षिका