विषय : बाहेरचा कॅमेरा चोरीला गेल्याबाबत व मिळालेल्या चुकीच्या सल्ल्याबाबत

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

महोदय,

आपल्या कंपनीचा कॅमेरा आपल्याच माणसाने माझ्या फाटकाच्या खांबावर बसवला होता. आठ महिन्यांनी, गेल्या मंगळवारी पहाटे, चोराने तोच काढून नेला. शेजारी हसतात. हसोत बापडे.

चोरीची फिर्याद पोलिसांत दिली आहे, ती आपल्याकडे मांडत नाही. चोरी वॉरंटीत बसत नाही, हेही मान्य. पण शिडी लावून ब्रॅकेट पाहिला तेव्हा जे दिसले त्याचे उत्तर मला हवे आहे. कॅमेरा एकाच स्क्रूवर होता, तोही खालच्या बाजूने, साध्या स्क्रू-ड्रायव्हरने निघणारा. ब्रॅकेटवर ओरखडासुद्धा नाही. केबलचा जोड वीतभर बाहेर लोंबत होता. चोराने आधी तोच उपटला असणार.

खोक्यावर ‘छेडछाड होताच सूचना’ असे छापले आहे. आपल्या प्रतिनिधींच्या म्हणण्यानुसार लेन्स झाकली किंवा कॅमेरा फिरवला तरच ती येते, वीज तुटली तर येत नाही. मग जोड खांबावरच्या बंद डबीत का घातला नाही? कॅमेरा ‘ऑफलाइन’ गेल्याची सूचना ॲपमध्ये मुळातच बंद होती, हे मला चोरीनंतर कळले. रेकॉर्डिंग कॅमेऱ्यातल्याच कार्डावर, म्हणजे पुरावाही चोराच्या खिशात. ‘क्लाउड कशाला, कार्ड आहे की’ हे आपल्याच माणसाचे शब्द.

खोक्यावरचे ‘आयपी६६’ धूळ-पाण्यापुरते असते, हेही आता समजले. आघात सोसण्याचे मानांकन ‘आयके’ वेगळे. ‘आयके१०’ म्हणजे २० जूलचा आघात. ते खोक्यावर कुठेच नाही. अर्थात, ते असते तरी स्क्रू फिरवणाऱ्याला त्याने काय अडवले असते म्हणा.

सर्वांत संताप आला तो पुढच्या सल्ल्याचा. ‘कॅमेरा ॲपमधून डिलीट करून पुन्हा जोडा,’ असे मला आपल्याकडून सांगण्यात आले. जोडू काय, खांबावरचे भोक? शिवाय तो माझ्या खात्याला बांधलेला आहे म्हणूनच दुसऱ्याच्या खात्यात जात नाही. मी डिलीट केला असता तर चोराची तेवढीही अडचण उरली नसती. सुदैवाने केला नाही.

तरी त्या सीरियल नंबरची नोंदणी आपल्या बाजूने कायमची बंद करावी आणि तसे लेखी कळवावे. सर्व्हरवर शेवटच्या हालचालीचे एखादे छायाचित्र उरले असल्यास पोलिसांसाठी द्यावे. मागच्या दारी आपलाच दुसरा कॅमेरा आहे. त्याला साध्या स्क्रू-ड्रायव्हरने न निघणारे, मधे पिन असलेले टॉर्क्स स्क्रू आणि जोडासाठी बंद डबी विनामूल्य बसवून द्यावी. १५ दिवसांत उत्तर अपेक्षित आहे.

आपला,
एक ग्राहक

सोबत : बिलाची व फिर्यादीची प्रत, ब्रॅकेटचे फोटो