सिस्टर ओरडत नव्हत्या, मास्क होता

मा. संपादक, स.न.वि.वि.

१२ मेच्या परिचारिका दिनाचे फोटो आपल्या पेपरात बघितले, मेणबत्त्या, गुलाब, केक, सगळं छान. एका फोटोत मी पण आहे, मागच्या रांगेत, अर्धीच दिसतेय. भाषणात सांगितलं की कोरोनात सिस्टर लोकांनी जीव धोक्यात घातला, ते खरंच आहे, पण मला विचाराल तर त्या दोन वर्षांत मला सगळ्यात जास्त कशानं दमवलं असेल तर बोलण्यानं, आणि त्याचं कोणी नाव काढत नाही म्हणून हे पत्र. मोठं झालं तर कापा.

आपल्या खान्देशातला मे महिना तुम्हाला सांगायला नको. ४४-४५ डिग्री, त्यात पीपीई किट, आत एन-९५, त्यावर अजून एक मास्क, वरून फेस शील्ड, गॉगलवर वाफ, अन् ड्युटी संपेपर्यंत पाण्याचा घोट नाही. एवढ्यातून आवाज बाहेर काढायचा म्हणजे ओरडूनच बोलावं लागतं, बाजूला ऑक्सिजनचा सूं सूं आवाज चालूच. म्हाताऱ्या माणसांना आधीच कमी ऐकू येतं, एरवी ते ओठांकडे बघून समजून घेतात, इथं ओठच झाकलेले. त्यांना एवढंच दिसतं की पांढऱ्या पिशवीतलं कोणीतरी आपल्यावर खेकसतंय. एका आजीनं फोनवर सुनेला सांगितलं, "शिष्टर भलती वरडस माय." मी समोरच उभी होते. काय बोलणार. आम्ही मग किटवर छातीपाशी मार्करनं नाव लिहायला लागलो, पण ज्याला वाचता येत नाही त्याला त्याचा काय उपयोग.

भाषेचं तर विचारूच नका. माझं माहेर अमळनेरकडचं, अहिराणी घरातलीच. एक बाबा सारखा ऑक्सिजनचा मास्क काढायचे, डॉक्टरांनी शुद्ध मराठीत तीनदा समजावलं की पातळी कमी होतेय, ते मान डोलवायचे अन् डॉक्टर वळले की परत काढायचे. मी जवळ बसून विचारलं, "बाबा, जीव घाबरस का?" तर म्हणे हो, तोंड बांधेल वाटस. मग म्हटलं मी आठेच शे (इथंच आहे), कोठे जात नही. त्या रात्री नाही काढला. आमच्यासोबत केरळची एक सिस्टर होती, कामाला एकदम पक्की, पण पेशंटशी बोलायची पंचाईत. तिनं "दम लागी ऱ्हायना का" वगैरे चार-पाच वाक्यं तिच्या मल्याळम अक्षरांत चिकटपट्टीवर लिहून किटच्या बाहीला लावली होती. तिचे उच्चार ऐकून पेशंट हसायचे आणि हसले की खोकायचे, तरी पण काम व्हायचं.

पण नंदुरबारच्या धडगावकडून आलेल्या एका बाईला ना मराठी कळे ना अहिराणी, फक्त पावरी, तिकडची आदिवासी बोली. पोटावर झोपायचं, म्हणजे फुफ्फुसाला हवा मिळते, हे खुणेनं कसं सांगणार? मी शेजारच्या रिकाम्या खाटेवर किटसकट पालथी झोपून दाखवलं. ती घाबरली, तिला वाटलं मलाच काहीतरी झालं. शेवटी त्या भागातला एक वॉर्डबॉय सापडला, पण त्याची ड्युटी दुसऱ्या वॉर्डात, त्याला रोज कोण सोडणार.

आणि फोन. नातेवाईकांना आत सोडत नव्हते, ते बरोबरच होतं, पण मग बाहेर निंबाखाली दोन-दोन दिवस बसलेल्या माणसाला आतली खबर कोण देणार हे काही ठरलेलं नव्हतं. पेशंटच्या मोबाईलची बॅटरी गेलेली, चार्जर घरी. मग आम्ही स्वतःचा फोन प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून व्हिडिओ कॉल लावायचो, दोन-दोन ग्लोव्हज घातल्यावर स्क्रीनला टच पण होत नाही, नाक लावावं तर शील्ड आडवी. खबर मिळाली नाही की अफवा सुटायची, किडनी काढून घेतात म्हणून आम्हाला तोंडावर विचारलंय लोकांनी. राग यायचा, पण त्यांच्या जागी मी असते तर मलाही काय काय वाटलं असतं. माणूस गेल्याचं डॉक्टरांनी सांगायचं असा नियम, पण मध्यरात्री मुलाचा फोन यायचा तो आमच्या टेबलवर, आणि आवाजावरूनच त्याला कळायचं. माझा आवाज मला अजून नीट लपवता येत नाही.

डॉक्टरांचं न् आमचं पण तेच. आतला केसपेपर बाहेर न्यायचा नाही, मग काचेवर कागद धरून दाखवा नाहीतर फोटो काढून व्हॉट्सॲपवर टाका. तोंडी ऑर्डर मास्कमधून आली की फिफ्टीन का फिफ्टी कळत नाही, म्हणून आम्ही "एक-पाच का पाच-शून्य" असं विचारून घ्यायचो. काही डॉक्टर चिडायचे. चिडू दे.

वॉर्डच्या चार्टवर नाडी, बीपी, लघवी किती झाली, सगळ्याला रकाना आहे. पेशंटशी अर्धा तास बोलले, घरच्यांना सहा फोन केले, याला रकाना नाही, म्हणजे ते कामच नाही. २७ डिसेंबर २०२२ ला, कोरोना परत वाढला तर तयारी आहे का हे बघायला देशभर मॉक ड्रिल झालं, ऑक्सिजन प्लांट, व्हेंटिलेटर, बेड, औषधं सगळं तपासलं. आपल्या नंदुरबारनं दुसऱ्या लाटेच्या आधीच ऑक्सिजन प्लांट उभे केले म्हणून देशभर कौतुक झालं, आपल्याला अभिमानच आहे. तशीच तयारी बोलण्याची का नको? प्रत्येक पाळीला एक माणूस फक्त नातेवाईकांच्या फोनला ठेवा, वॉर्डाचा एक मोबाईल द्या, आणि खाटेशेजारी टांगायला चित्रांचा तक्ता छापा, पाणी पाहिजे, दुखतंय, पोटावर झोपा, एवढंच. व्हेंटिलेटरच्या मानानं खर्च काहीच नाही.

अहिराणीची वीसेक वाक्यं मी वहीत लिहून ठेवलीत. पावरी, भिली, मावची मला येत नाही. वाचकांपैकी कोणाला येत असेल तर "कुठं दुखतंय", "मास्क काढू नको" आणि "तुझ्या घरच्यांशी बोलले मी" ही तीन वाक्यं आधी लिहून आपल्या पेपरकडे पाठवा, मी येऊन घेऊन जाईन.

आपली,
एक स्टाफ नर्स, धुळे जिल्हा