चुकीची डिस्क काढायला लावून आमचा सगळा डेटा घालवल्याबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

स.न.वि.वि.

कुंडई औद्योगिक वसाहतीत औषधांची खोकी छापणारा आमचा छोटा कारखाना आहे. दोन वर्षांपूर्वी तुमच्याकडून आम्ही तीन सर्व्हर आणि तिघांत मिळून एक सामायिक स्टोरेज घेतले. देखभालीचा वार्षिक करारही तुमच्याशीच आहे. आमची चौदाही व्हर्च्युअल मशीन (सर्व्हरच्या आत सॉफ्टवेअरने उभे केलेले संगणक) त्या एका स्टोरेज-पेटीवर चालत होती: हिशेब, साठा, हजेरी, आणि सगळ्यात मोलाची म्हणजे औषध कंपन्यांनी मंजूर केलेली खोक्यांची डिझाइने. चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) आदल्या शनिवारी हे सगळे तुमच्या एका फोनमुळे गेले.

शुक्रवारी संध्याकाळी सहापैकी एक डिस्क बंद पडली. डिस्क कधीतरी बंद पडणारच, त्याबद्दल तक्रार नाही. शनिवारी सकाळी तुमच्या इंजिनियरने फोनवर आमच्या संगणक विभागातल्या सहकारी बाईंना सांगितले, "चार नंबरची काढा, नवी बसवा." पेटीवर खणांचे आकडे 0 ते 5 असे छापलेले आहेत. 4 च्या खणात हिरवा दिवा होता, नारिंगी दिवा शेजारच्या 3 वर. त्यांनी लगेच सांगितले, "सर, नारिंगी दिवा तीनवर आहे." उत्तर आले, "दिवा राहू दे, मला इथे चौथीच दिसतेय." तुमचा माणूस एकपासून मोजत होता आणि पेटी शून्यापासून. चांगली डिस्क बाहेर आली आणि पाचेक मिनिटांत सगळे पडदे गोठले. त्याने आपल्या स्क्रीनवरून खराब डिस्कचा दिवा लुकलुकवला असता तर हा घोळ झालाच नसता. ती सोय पेटीत आहे, विकताना तुम्हीच आम्हाला दाखवली होती.

एवढे होऊनही निभावले असते. करारात रेड 6 लिहिले आहे. रेड म्हणजे अनेक डिस्क एकत्र जोडून डेटा राखण्याची पद्धत; रेड 6 मध्ये एकाच वेळी दोन डिस्क गेल्या तरी डेटा शाबूत राहतो. प्रत्यक्षात तुम्ही रेड 5 बसवले होते आणि त्यात दुसरी डिस्क गेली की खेळ संपतो. 8 टीबीच्या सहा डिस्कवर रेड 6 मध्ये 32 टीबी जागा मिळते, रेड 5 मध्ये 40. आम्ही जादा जागा मागितलेली नव्हती. एवढ्या मोठ्या डिस्कची नवी प्रत भरायला सेकंदाला 100 एमबीचा वेग धरला तरी 22 तास लागतात, आणि तेवढा वेळ रेड 5 वरचा डेटा उघड्यावरच असतो. हा धोका ओळखूनच आम्ही 6 चा आग्रह धरला होता.

त्यानंतर जे झाले ते मला सर्वांत गंभीर वाटते. काढलेली डिस्क परत बसवून ती आहे तशी ऑनलाइन घेण्याचा प्रयत्न आधी करायला हवा होता. तुमच्या इंजिनियरने दुरून नवा अ‍ॅरे (डिस्कचा नवा गट) बनवून इनिशिअलाइझ, म्हणजे डिस्क नव्याने कोऱ्या करणे, सुरू केले. आम्हाला न विचारता.

बॅकअप मागितला तेव्हा कळले की तुम्ही ज्याला बॅकअप म्हणत होता ते त्याच पेटीतले स्नॅपशॉट, म्हणजे मशीनच्या त्या क्षणीच्या स्थितीच्या नोंदी, होते. स्नॅपशॉट मूळ डिस्क फाइलवर अवलंबून असतो. मूळ गेले की तोही गेला. स्नॅपशॉट म्हणजे बॅकअप नव्हे आणि तो 72 तासांहून अधिक ठेवू नये, हे व्हर्च्युअल मशीनचे सॉफ्टवेअर बनवणाऱ्या व्हीएमवेअरच्याच सूचनांत आहे. आमच्याकडचे कित्येक महिन्यांचे होते. शिवाय कंपनी लेखा नियमांच्या 2022 च्या दुरुस्तीनुसार इलेक्ट्रॉनिक हिशेबांचा बॅकअप रोज घ्यावा लागतो. तो घेतला जातोय असे तुम्ही दर तिमाही अहवालात लिहून देत होता. त्या भरवशावर आम्ही निर्धास्त होतो.

तीनही सर्व्हर धडधाकट, पण चालवायला त्यांच्याकडे काहीच उरले नव्हते. चवथीला सगळा गोवा आपापल्या मूळ घरी माटोळी (गणपतीवर टांगायची फळापानांची चौकट) बांधत होता, तेव्हा आमची सहा माणसे कारखान्यात बसून कागदी जॉब कार्डांवरून साठ्याची नोंद पुन्हा टाईप करत होती. सहकारी बाई अजून म्हणतात, "मीच ती डिस्क काढली." त्यांनी बरोबर तेच सांगितले होते आणि तुमच्या माणसाने ऐकले नाही, हे मला तुमच्याकडून लेखी हवे आहे.

डेटा परत मिळवणाऱ्या प्रयोगशाळेचा संपूर्ण खर्च तुम्ही द्यावा. स्टोरेज करारानुसार रेड 6 वर, एक राखीव डिस्क ठेवून, नव्याने उभारावे. बॅकअप वेगळ्या यंत्रावर आणि त्याची एक प्रत कारखान्याबाहेर असावी, आणि दर तिमाहीला एक मशीन त्यावरून आमच्यासमोर चालू करून दाखवावे. त्या दिवसाच्या फोनचे ध्वनिमुद्रण आणि कंट्रोलरचे (डिस्क सांभाळणाऱ्या पेटीतल्या भागाचे) लॉग 15 दिवसांत मिळावेत. तोवर देखभालीचा पुढचा हप्ता थांबवला आहे.

पेटी आम्ही बंद केली आहे. सहाही डिस्क आणि खराब झालेली ती जुनी डिस्क खणांच्या आकड्यांसह चिठ्ठ्या लावून सीलबंद ठेवल्या आहेत. आमच्या लेखी परवानगीशिवाय तुमच्या कोणीही त्यांना हात लावू नये.

कळावे,
व्यवस्थापक
कुंडई, फोंडा, गोवा